शब्बाथशाळेच्या इमारती पाडू नका : पास्टरेट कमिट्यांना आणि विश्वस्तांना खुले पत्र

प्रति,
जुन्या अमेरिकन मराठी मिशनची चर्चे आणि शब्बाथशाळा (म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळा) ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या सर्व पास्टरेट कमिट्यांचे, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समित्यांचे, सभासद, पाळक आणि मालमत्तेचे विश्वस्त यांस,

सलाम.

गेल्या काही वर्षांत चर्चच्या नोटीस बोर्डांवर जवळपास एकाच मजकुराचे ठराव दिसू लागले आहेत. शब्बाथशाळेची इमारत जुनी व धोकादायक झाली, सबब ती उतरवून त्या जागी गाळे बांधावेत. चर्चलाही सिमेंटचा गिलावा, नव्या टाइल्स आणि वर स्लॅब करून त्याचा जीर्णोद्धार करावा. खाली कमिटीतल्या काही जणांच्या सह्या असतात. इमारतीची पाहणी कोणी केली, तिला नेमके काय झाले, दुरुस्तीला किती खर्च येईल, यातले एक अक्षर ठरावात नसते. हे आम्हांला मान्य नाही, आणि गप्प बसून पाहणेही जमणार नाही, म्हणून उघड लिहीत आहोत.

लिहिणारे आम्ही याच मंडळ्यांतले, म्हणजे या चर्चांच्या सभासद-समुदायांतले. आमच्यापैकी काही जण जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतात, काही शब्बाथशाळेत शिकवतात, काहींनी मंडळ्यांची दप्तरे लावून दिली आहेत. आमच्या आज्या-पणज्यांची नावे तुमच्या कपाटातल्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात आहेत. तुमच्याशी आमचे वैर नाही. कमिटीवर बिनपगारी काम करणे किती जड असते, हेही आम्हांला माहीत आहे.

ठरावांत या इमारतींचा उल्लेख नुसता ‘जुने बांधकाम’ म्हणून येतो. म्हणून आधी ती काय आहे ते सांगणे भाग आहे.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे, म्हणजे परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या अमेरिकन संस्थेचे, मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याचा कंपनी सरकारचा हुकूम तयार होता. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी तो अमलात आणायला वेळ लावला, तोवर मिशनऱ्यांना वाट मोकळी करणारी कंपनीची १८१३ ची नवी सनद आली आणि ते राहिले. ही माणसे काँग्रिगेशनल पंथाची, म्हणजे इंग्लंडच्या राजमान्य चर्चची प्रार्थनापद्धत आणि बिशपांची सत्ता नाकारणाऱ्या नॉनकन्फॉर्मिस्ट परंपरेतली. त्या परंपरेने किंमतही मोजलेली होती. याच विचारांचे काही लोक १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजाने अमेरिकेला निघून गेले. जे मागे राहिले त्यांच्यापैकी सुमारे दोन हजार पाळकांना, राजमान्य प्रार्थनापद्धत सक्तीची करणाऱ्या १६६२ च्या कायद्यानंतर, आपापली चर्चे सोडावी लागली, आणि १६८९ पर्यंत त्यांच्या सभा बेकायदा होत्या. परवानगी मिळाल्यावर त्यांनी बांधलेली चॅपेले ही साधी, आयताकृती घरे होती. वेदी नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. समोर मधोमध व्यासपीठ, त्यावर बायबल, आणि सगळ्यांना वाचता यावे म्हणून मोठ्या खिडक्यांतून येणारा भरपूर उजेड. पाळक निवडायचा मंडळीने, सभासद घ्यायचा मंडळीने, पैशाचा हिशोब द्यायचा तोही मंडळीपुढे.

या लोकांसाठी वाचता येणे हा उपासनेचाच भाग होता. १७८० मध्ये इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्स यांनी कामगारांच्या मुलांसाठी रविवारची शाळा काढली, ती अक्षरओळखीपासून सुरू होत असे, कारण ही मुले आठवड्याचे सहा दिवस राबत आणि त्यांना रविवारच मोकळा असे. नॉनकन्फॉर्मिस्टांनी ही कल्पना उचलून धरली. वेल्समध्ये तर प्रौढ माणसेही रविवारच्या शाळेत मुलांच्या बरोबरीने बसत. तिथे चॅपेलाशेजारी शाळेची वेगळी इमारत उभी राहू लागली, आणि कित्येक गावांत तीच लोकांची पहिली शाळा, पहिले ग्रंथालय आणि पहिले सभागृह ठरली.

आता नगरकडे येऊ. १८३१ च्या डिसेंबरात अमेरिकन मिशनचे ठाणे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, पडले आणि १८३३ मध्ये तिथली पहिली मंडळी स्थापन झाली. १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक इथूनच निघाले. १८२७ मध्ये मुंबईत आलेल्या सिंथिया फॅरार पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत होत्या. सावित्रीबाई फुले यांच्या शिक्षिकेच्या प्रशिक्षणाशी त्यांचे नाव चरित्रकार जोडतात. १८५४-५५ मध्ये अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. त्यांचे धोरण स्पष्ट होते : मंडळीने आपला खर्च आपण चालवावा, आपला कारभार आपण करावा, आपला प्रसार आपण करावा. त्यानंतर शहरातल्या इंग्रजी शाळांवरचा भर कमी झाला, मराठी पाळकांना दीक्षा देऊन त्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या जाऊ लागल्या, आणि काम खेड्यांत पसरले.

खेड्यांतली ही मंडळी बहुतांश महार आणि मांग समाजांतली. गावच्या शाळेत ज्यांच्या मुलांना बसायला जागा नव्हती, त्यांच्या वस्तीला लागून ही एक खोली उभी राहिली. सोमवार ते शुक्रवार शाळा, रविवारी सकाळी शब्बाथशाळा, मग उपासना, संध्याकाळी भजन. मंडळी वाढली तिथे चर्च वेगळे बांधले आणि जुनी खोली शब्बाथशाळेकडे राहिली, किंवा तिच्यासाठी नवी इमारत झाली. म्हणजे पुष्कळ ठिकाणी तुम्ही जी इमारत चर्चची जोडइमारत समजून पाडायला निघाला आहात, तीच चर्चपेक्षा जुनी असू शकते. मंडळी तिथे जन्मली. कोणती आधी आणि कोणती नंतर, हे ठरवायला पाया, दगडाची घडण आणि जुनी कार्यवृत्ते पाहावी लागतात. एकाही ठरावाआधी हे पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या खोल्यांत काय झाले तेही विसरू नये. मुलांसाठी मिशनने १८७३ मध्ये ‘बालबोधमेवा’ हे मासिक सुरू केले. १८७६ मध्ये इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली, आणि वर्षभराचे पाठ ठरवून सगळीकडे एकाच रविवारी एकच पाठ शिकवण्याची पद्धत आली. सोन्याचे वचन, म्हणजे त्या रविवारच्या पाठातले बायबलचे वचन, पाठ करणे, हजेरीची तिकिटे, वर्षाअखेरची परीक्षा आणि बक्षीस, हे आपल्या सगळ्यांच्या घरांत माहीत आहे. त्याच जमिनीवर सतरंजी घालून कृष्णराव सांगळे यांनी रूढ केलेली ख्रिस्ती कीर्तने झाली. नारायण वामन टिळकांची पदे पुस्तकातून चर्चमध्ये गेली, पण तोंडात बसली ती शब्बाथशाळेत. ज्यांच्या आईबापांना अक्षर शिवू दिले नव्हते, ती मुले इथे उभी राहून मोठ्याने वाचत होती. महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात या खोल्यांची नोंद फार तोकडी झाली आहे. ती पुरी करायची तर खोल्या जागेवर असाव्या लागतील.

आता तक्रारी सांगतो.

सर्वांत मोठी तक्रार ‘धोकादायक’ या शिक्क्याबद्दल आहे. ज्या अहवालांच्या आधारे हे शिक्के बसतात त्यांतले बरेचसे आरसीसी (लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) इमारतीच्या ठरावीक नमुन्यावर लिहिलेले असतात. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी काँक्रीटची ताकद अजमावण्यासाठी आहेत. चुन्यात बांधलेल्या दीड-दोन फूट जाडीच्या काळ्या पाषाणाच्या भिंतीबद्दल त्या फारसे काही सांगत नाहीत. अशा भिंतीची पाहणी वेगळी असते. ओळंबा सोडून भिंत किती कलली ते मोजायचे. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून तारीख घालायची आणि निदान एक पावसाळा व एक उन्हाळा पाहायचे. पट्टी तडकली तर भेग जिवंत आहे, नाहीतर ती जुनी आणि थांबलेली आहे. कैचीची, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याची, टोके भिंतीत जिथे बसतात तिथला गिलावा काढून लाकडात टोच्या घालून पाहायचा. पायाशी एक-दोन ठिकाणी खड्डा घेऊन माती आणि ओल तपासायची. हे काही न करता दिलेला शिक्का आम्ही मान्य करत नाही. महापालिका स्वतःही इमारतींचे चार वर्ग करतात : सी-१ म्हणजे रिकामी करून पाडावी, सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करावी, सी-२ बी म्हणजे वापर चालू ठेवून दुरुस्त करावी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. तुमच्या ठरावांत वर्ग लिहिलेला नसतो. आम्ही पाहिलेल्या बहुतेक इमारतींना दुरुस्तीची गरज होती, पाडण्याची नव्हती.

आणि इमारत खराब झाली ती कशाने? वयाने नाही, हे आम्ही जबाबदारीने लिहितो. मंगलोरी कौले दरवर्षी मे महिन्यात चाळून घ्यायची असतात. ती चाळणी बंद झाली. एक कौल सरकले की पाणी रिपेवर, रिपेवरून वाशावर आणि वाशावरून भिंतीवरच्या लाकडी पाटावर येते. पाट कुजला की कैचीचे टोक बसते, मग खालची आडवी तुळई ताण घेईनाशी होते, आणि कैची दोन्ही भिंतींना बाहेर रेटू लागते. कोपऱ्यातली उभी भेग येते ती यातून. भेग दिसली की लोक म्हणतात पाया खचला. पाया बहुतेकदा ठणठणीत असतो. दुरुस्तीची जागा वर, छपरात असते.

दुसरे कारण सिमेंट, आणि ते तर सुधारणा म्हणून आणले गेले. जुनी भिंत जमिनीतली थोडी ओल वर ओढते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर सोडते. वरून सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंट लावला की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती भिंतीच्या आतून चढत जाते, क्षार बरोबर घेऊन, आणि पाच-सहा फुटांवर लोणा फुटतो. मग कमिटी आणखी जाड गिलावा करते. आत शहाबादी फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवल्या की जमिनीतून सुटणारी ओलही भिंतीकडेच वळते. बाहेर पटांगणात पेव्हर ब्लॉक टाकताना भर घालून जोते पुरले जाते, आणि पावसाचे पाणी थेट भिंतीला टेकते. या तीनही गोष्टी एकाच इमारतीत झाल्या असतील तर तिला वाळवी लागणारच. तिला ओल आणि लाकूड दोन्ही आयते मिळते.

स्लॅबबद्दल वेगळे लिहितो, कारण ती चूक परत फिरवता येत नाही. मंगलोरी कौलांचे छप्पर, म्हणजे एका चौरस मीटरला साधारण १५ कौले आणि त्याखालचे लाकूड मिळून, चौरस मीटरला ६०-७० किलो भरते. १२ सेंटिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब ३०० किलो भरतो. चुन्याच्या सांध्यांच्या भिंतीवर हा चौपट-पाचपट भार टाकायचा आणि भूकंपात तो हलला तर काय होईल याचा विचार करायचा नाही, हे आम्ही किल्लारीनंतरच्या महाराष्ट्रात पाहत आहोत. शिवाय कौलांखालची उंच, हवेशीर खोली गेली की उन्हाळ्यात मुले आत बसू शकत नाहीत, आणि सपाट छताखाली गाण्याचा आवाज घुमतो. मग पंखे, मग साउंड सिस्टिम, मग वीजबिलाची तक्रार.

यापुढची तक्रार कागदांची. इमारत रिकामी करताना कपाटे हलतात आणि रजिस्टरे रद्दीत जातात. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरे, शाळेचे जनरल रजिस्टर, शब्बाथशाळेचे हजेरीपट, कमिटीची प्रोसिडिंग बुके, दानाच्या वह्या. हे नुसते इतिहासाचे साधन नाही. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरले जाते, आणि जातप्रमाणपत्र व पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आपल्या कितीतरी कुटुंबांकडे तो पुरावा म्हणजे मिशन शाळेच्या रजिस्टरातली आजोबांची एक ओळ आहे. ती वही वाळवीने खाल्ली की एका मुलीचे इंजिनिअरिंगचे आरक्षण जाते. जिथे वह्या वाचवायचा प्रयत्न होतो तिथे त्या लॅमिनेट केल्या जातात, पाने सेलोटेपने जोडली जातात. तेही करू नका. गरम प्लास्टिक परत निघत नाही आणि सेलोटेपचा गोंद काही वर्षांत कागद तपकिरी करतो.

आणि शेवटची तक्रार निर्णयाच्या पद्धतीची, जी खरे तर सगळ्यांच्या मुळाशी आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यात आपल्यासारख्या मंडळ्या अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट अशा इतरांबरोबर आल्या. बिशप आले, घटना बदलली, जमिनीची कागदोपत्री मालकी एकीकडे आणि रोजचा वापर दुसरीकडे अशी स्थिती झाली. हा इतिहास उलटा फिरवा असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या परंपरेने सरकारी चर्च सोडले ते मंडळीच्या एकत्रित निर्णयासाठी, तिने बांधलेल्या घराबद्दलचा निर्णय बंद खोलीत व्हावा आणि सभासदांना तो नोटीस बोर्डावर कळावा, हे कोणत्याही घटनेत बसवता आले तरी योग्य होत नाही. इमारतीसाठी वर्गणी देणारे मजूर आणि शेतकरी होते. कार्यवृत्तांत आण्यांचे आकडे आहेत.

कायद्याचीही आठवण करून देतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकणे, बदलणे, बक्षीस देणे, तसेच इमारत किंवा बिगरशेती जमीन तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे, याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. गाळे बांधून दीर्घ मुदतीने देण्याचा बेत यातच येतो. परवानगी देताना आयुक्त ट्रस्टचे हित आणि संरक्षण पाहतात. त्यासाठी ठराव, मूल्यांकन, जाहिरात आणि आलेल्या देकारांची तुलना मांडावी लागते. आधी पाडून नंतर अर्ज, हा क्रम आम्ही चालू देणार नाही. अर्जावर हरकत घेण्याचा हक्क हितसंबंधित व्यक्ती म्हणून आम्हांला आहे आणि तो आम्ही वापरू.

तुम्ही म्हणाल, टीका सोपी, पैसा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. म्हणून काम कसे करावे आणि कोणत्या क्रमाने, ते लिहितो.

सगळे एका वर्षात करायचे नाही. पहिला टप्पा जवळपास बिनखर्चाचा आहे. इमारतीचे मोजमाप घेऊन नकाशा काढा, प्रत्येक भिंतीचा, कैचीचा, पाटीचा फोटो घ्या, प्रॉपर्टी कार्ड आणि ट्रस्टच्या नोंदवहीचा उतारा काढून त्यांत ही इमारत वेगळी दाखवली आहे की नाही ते पाहा. पुष्कळदा ती दाखवलेलीच नसते, आणि मग ती पाडल्याची नोंदही कुठे होत नाही. भिंतीत उगवलेला पिंपळ उपटू नका, दगड निघतो. बुंधा कापून मुळावर औषध घाला, मेल्यावर सांधे भरा. जोत्याभोवतीची भर दोन-तीन फूट रुंदीत काढून पाण्याला उतार द्या. एवढ्यानेच ओल निम्म्यावर येते, असा आमचा अनुभव आहे.

छप्पर पावसाळ्याआधी, म्हणजे मार्च ते मे. कौले उतरवताना एकेक बोटाने वाजवून पाहा : खणखणीत वाजले तर परत वापरा, बद्द वाजले तर ते तडकलेले आहे. कमी पडतील ती पाडलेल्या घरांतून जुनी मिळतात, आणि मापे जुळतात का ते घेण्याआधी तपासा, कारण कारखान्यागणिक खाचा वेगळ्या असतात. अख्खी कैची बदलू नका. कुजलेले टोक कापून जुन्याच सागवानाचा तुकडा तिरक्या सांध्याने आणि बोल्टने जोडला तर कैची जागेवरच वाचते. त्यासाठी आधी दोन्ही बाजूंनी टेकू द्यावे लागतात, हे सुताराला सांगायला विसरू नका. टेकू न देता तुळई सोडल्याने भिंत सरकल्याची उदाहरणे आहेत.

चुन्याचे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत. उन्हाळ्यात चुना लवकर सुकून भुगा होतो, पावसात धुऊन जातो. आधी सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढा आणि भिंतीला एक उन्हाळा वाळू द्या. घाई केली तर ओल आतच राहते. कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली ठेवा. एक भाग चुना, दोन ते अडीच भाग चाळलेली नदीची वाळू, गरजेप्रमाणे विटांची सुरखी. सांधे दोन-तीन सेंटिमीटर खोल खरवडून, धुऊन, ओले असतानाच भरा, आणि आठ-दहा दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवा. चुन्यात ‘थोडे सिमेंट’ घालणारा गवंडी भेटेल. त्याला नम्रपणे नकार द्या. शेवटी चुन्याच्या सफेदीचे तीन पातळ हात. डिस्टेंपर नको, ऑइलपेंट तर नकोच.

उत्पन्नाचे म्हणाल तर शब्बाथशाळेची खोली आठवड्याचे सहा दिवस रिकामी असते. तालुक्याच्या गावांत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांना जागा मिळत नाही. बालवाडी, शिवणवर्ग, महिला बचत गटांच्या बैठका, आरोग्य शिबिरे, यांना अशी हवेशीर खोली हवीच असते. तीन वर्षांच्या आतल्या मुदतीने, लेखी कराराने जागा दिली तर वर्षाची चाळणी आणि सफेदी यांचा खर्च निघायला अडचण येऊ नये, आणि रविवार मुलांकडे राहतो. गाळ्यांची अनामत रक्कम एकदाच येते. त्यानंतर जागा परत मिळवण्यासाठी किती मंडळ्या कोर्टात बसल्या आहेत, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता.

आमच्या मागण्या अशा आहेत.

शब्बाथशाळा किंवा चर्च पाडण्याचे, त्यावर स्लॅब टाकण्याचे आणि सिमेंटचा गिलावा करण्याचे सर्व ठराव आहेत तिथे थांबवा.

दगड-चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्या. अहवाल मराठीत लिहून घ्या आणि उपासनेनंतर सगळ्या मंडळीपुढे वाचा. त्यावर सभासदांची खास सभा बोलवा, किमान एकवीस दिवस आधी सूचना देऊन. बायका आणि तरुण सभासद हजर राहू शकतील अशी वेळ ठेवा. मत नोंदवून घ्या आणि आकडे प्रोसिडिंग बुकात लिहा.

रजिस्टरांची यादी येत्या तीन महिन्यांत करा. प्रत्येक पानाचा सावलीत, सपाट ठेवून फोटो घ्या, प्रती निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ वह्या जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर, लोखंडी कपाटात ठेवा. दाखला मागायला येणाऱ्याला तो ठरावीक मुदतीत आणि परवडेल अशा फीत द्या. लहान मुलांची आणि कुटुंबांची खासगी माहिती मात्र फेसबुकवर टाकू नका.

जुन्या संगमरवरी पाट्या, घंटा, व्यासपीठ, पायपेटी, प्रभुभोजनाचे मेज आणि भांडी यांची फोटोसह यादी करा आणि ती दरवर्षीच्या हिशोबाबरोबर मंडळीपुढे ठेवा. ‘पॉलिशला दिले’ म्हणून गेलेल्या वस्तू परत आल्या की नाही, हे या यादीवरूनच कळेल.

ज्या शहरांत हेरिटेज यादी आहे किंवा नव्याने होते आहे, तिथे या इमारती यादीत घालण्यासाठी कमिटीनेच अर्ज करावा. यादीत गेल्याने मालकी जात नाही. बदल करण्याआधी समितीचा सल्ला घ्यावा लागतो, आणि तो सल्ला तुमच्याच फायद्याचा आहे.

विश्वस्तांनी जमिनीच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि तो लहान, खेड्यांतल्या मंडळ्यांनाही मिळावा. शहरातल्या मोठ्या चर्चची रंगरंगोटी दर नाताळाला होते आणि खेड्यातल्या खोलीवर पंधरा वर्षांत कौल चढत नाही, हा अन्याय आहे. त्या खोल्याही पुष्कळ जुन्या आहेत.

आमच्याकडून तुम्हांला काय मिळेल तेही लिहितो. मोजमाप, नकाशे, रजिस्टरांचे फोटो, चुन्याचे नमुने करून दाखवणे, गवंडी आणि सुतार शोधून देणे, ही कामे आम्ही विनामोबदला करू. तुम्ही बोलवाल तेव्हा येऊ. आमचा कोणताही सभासद या दुरुस्त्यांचे कंत्राट घेणार नाही, हे इथेच लिहून देतो.

या पत्राला लेखी उत्तर द्यावे आणि ते रविवारच्या सूचनांत वाचावे. छपराचे काम मार्चमध्ये सुरू व्हायचे असेल तर सभासदांची सभा जानेवारीत झाली पाहिजे.

आपले,
मंडळ्यांतले सभासद आणि शब्बाथशाळेचे शिक्षक